ससनदिरीच्या शिळा आणि लेकीचा वाटा

छोटा नागपूरच्या पठारावर मुंडांच्या जुन्या गावांतून मोठमोठ्या सपाट शिळा मांडलेल्या आढळतात. त्यांना ससनदिरी म्हणतात. ज्या कुळाने रान तोडून गाव वसविले त्या कुळातील मृतांच्या अस्थी ह्या शिळांखाली ठेवण्याची चाल आहे. परक्या माणसाला त्या नुसत्या स्मशानातील शिळा वाटाव्यात. मुंडांच्या लेखी मात्र त्या जमिनीच्या सनदा होत. इंग्रजी अमदानीत जमीनदारांशी कज्जे सुरू झाले, कचेरीतून कागद मागण्यात येऊ लागले, तेव्हा ज्यांच्या घरी कागदाचा कपटाही नव्हता अशा मुंडांनी ह्या शिळांकडे बोट दाखविले. आमचे पूर्वज येथे आहेत, म्हणजे रान त्यांनी तोडले, म्हणजे जमीन आमची, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. वकिलीच्या व्यवसायात आम्ही नाना प्रकारचे पुरावे हाताळले; ह्याहून वजनदार पुरावा आमच्या पाहण्यात नाही.

परंतु ह्या लेखाचा विषय त्या शिळा नव्हेत. ज्या कुळाच्या त्या शिळा, त्याच कुळात जन्मलेल्या मुलीला त्या जमिनीत वाटा का नव्हता, आणि गेल्या चार दशकांत त्या स्थितीत काय पालट झाला, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे. विषय दूर देशीचा वाटेल. तथापि ज्यांना आपल्याकडील गावकरी संस्था ठाऊक आहे त्यांना तो फारसा परका वाटू नये. पहिल्या वसाहतकारांचे वंशज तेच गावचे धनी, जमीन सामाईक, आणि वंश म्हणजे पुरुषाचा वंश, ही चौकट गोमंतकातील वाचकांच्या अंगवळणी पडलेली आहे. मुंडांच्या ‘खुंटकट्टी’ची चौकटही जवळजवळ हीच. पहिल्या रानतोड्यांच्या वंशजांनी जमीन सामाईकपणे धारण करावयाची, आणि ती त्यांच्या ‘किली’त, म्हणजे कुळीत, राहिली पाहिजे, हा तिचा गाभा.

किलीचा एक कडक नियम असा की, एकाच किलीत विवाह होत नाही. म्हणजे प्रत्येक मुलगी लग्न होताच दुसऱ्या किलीत जाते. ती जमीन घेऊन गेली तर पूर्वजांनी तोडलेले रान परक्या कुळीच्या हाती जाईल, ही भीती ह्या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी होती. म्हणून जमिनीचे वारस फक्त मुलगे, मुलगे नसतील तर भाऊ, पुतणे आणि मग दूरचे भाऊबंद. मुलीला काय? लग्न होईपर्यंत अन्नवस्त्र, किंवा काही जमिनीचे उत्पन्न. विधवेला काय? पुनर्विवाह न करता नवऱ्याच्या घरी राहिली तर हयातीपर्यंत त्याच्या शेताचे पीक. घरजावई आणला तर काही काळ सोय होई, पण त्यावरून मुलीचा मालकी हक्क सिद्ध होत नसे. संथाळांत ‘तबेन जोम’ नावाची एक चाल आहे. त्याचा शब्दशः अर्थ पोहे खाण्यासाठी. मुलीला किंवा विधवेला पोटापुरता एक तुकडा तोडून द्यावा, त्याला हे नाव. आपल्याकडे लेकीला ‘चोळीबांगडीसाठी’ म्हणून जमीन देत असत, तीच ही भाषा. हक्क शब्द उच्चारावयाचा नाही, प्रेमाचा उच्चारावयाचा, आणि जमिनीचा आकार त्या प्रेमाच्या बेताने ठरवावयाचा.

ह्या चालीरीती लिहून ठेवणाऱ्यांत शरच्चंद्र रॉय हे नाव अग्रगण्य आहे. रांचीच्या कचेरीत वकिली करता करता हा बंगाली गृहस्थ आपल्या अशिलांच्या समाजाचा अभ्यासक बनला. मुंडांवरील त्यांचा ग्रंथ १९१२ साली व उराँवांवरील १९१५ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे १९२१ साली त्यांनी ‘मॅन इन इंडिया’ हे नियतकालिक काढले. आमच्या व्यवसायातील माणसाने केलेले हे काम म्हणून आम्हाला त्याचा थोडा अभिमान वाटतो, हे कबूल केले पाहिजे. दुसरे नाव फादर हॉफमन ह्या जेज्विट मिशनऱ्याचे. मुंडारी भाषेचा प्रचंड कोश त्यांनी रचला, आणि १९०८ च्या कुळकायद्यात मुंडांच्या जमिनीविषयीची जी कलमे आहेत त्यांच्या घडणीत त्यांचा हात होता.

तो कायदा सहजासहजी आलेला नव्हता. १८३१–३२ चा कोलांचा उठाव, त्यानंतर पाऊण शतक चाललेले कज्जे, आणि अखेरीस १८९९–१९०० मधील बिरसा मुंडांचा ‘उलगुलान’ एवढे सर्व त्याच्या पाठीशी होते. बिरसा ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात वारले. आठ वर्षांनी छोटा नागपूर कुळकायदा झाला. ‘दिकू’च्या, म्हणजे बाहेरून आलेल्या सावकार-जमीनदाराच्या, घशात जमीन जाऊ नये म्हणून त्याने जे बांध घातले त्यांच्यामुळेच त्या पठारावर आज आदिवासींच्या हाती काही जमीन उरली आहे. ह्या कायद्याविषयी आदर न बाळगणारा माणूस त्या भागाचा इतिहास जाणत नाही असेच आम्ही म्हणू.

पण ह्याच कायद्याच्या सातव्या आणि आठव्या कलमांत खुंटकट्टी हक्काची व्याख्या करताना मूळ वसाहतकारांचे वंशज ‘पुरुष परंपरेतील’ असावेत, असे शब्द पडले. चाल तीच होती. कायद्याने नवे काही निर्माण केले नाही, असे कोणी म्हणेल. ते पुरते खरे नाही. चालीला दोन बाजू होत्या. जमीन मुलग्यांकडे जाईल, ही एक. आणि ती ज्यांच्याकडे जाईल त्यांनी बहीण, भावजय, विधवा काकी ह्यांना पोसले पाहिजे, ही दुसरी. गावातील पंचांच्या देखत ह्या दोन्ही बाजू एकाच दोराच्या दोन पेडांसारख्या वळलेल्या असत. कायद्याच्या पुस्तकात पहिली बाजू छापली गेली आणि दुसरी पंचांच्या स्मरणावर सोडली गेली. पुढे पंचांचा वचक ओसरला, गावे खाणी आणि कारखान्यांच्या कक्षेत आली, भाऊबंद पांगले. तेव्हा छापलेली बाजू न्यायालयात जशीच्या तशी उभी राहिली, आणि न छापलेली कोणाला आठवेना. लिहिलेला कायदा आणि बोलीतील चाल ह्यांची गाठ पडली की दुबळ्याचा वाटा नेहमी बोलीत राहिलेला असतो, हे आम्ही आमच्या कचेरीत बसून अनेकदा पाहिले आहे.

आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. १८६५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली निघालेल्या १९१३ च्या सरकारी अधिसूचनेने मुंडा, उराँव, संथाळ, हो इत्यादी जमातींना त्या कायद्यातून वगळण्यात आले. एरव्ही तो कायदा ख्रिस्ती लोकांना लागू होता. म्हणजे ज्या उराँव किंवा मुंडा कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता त्यांच्या मुलींनाही धर्म बदलून वारसा मिळाला नाही. धर्म बदलला, देव बदलला, रविवारची प्रार्थना आली. जमिनीपुरते सर्व कुटुंब जुन्या किलीतच राहिले.

मग १९५६ साल उजाडले. हिंदू वारसा कायद्याचा इतिहास आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांनी १९३७ साली विधवांसाठी करवून घेतलेला कायदा, डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोडासाठी केलेला झगडा आणि १९५१ साली दिलेला राजीनामा, हे आपल्या घरातीलच प्रसंग आहेत. आपल्याकडे व्यवहारमयूखाचा प्रभाव असल्यामुळे मुंबई इलाख्यातील मुलीला, वारसा मिळालाच तर, तो पूर्ण मालकीने मिळे, ही गोष्टही जुन्या वकिलांना ठाऊक असे. १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत मुलाच्या जोडीला बसविले. मात्र त्याच्या दुसऱ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात एक छोटेसे वाक्य आहे: केंद्र सरकारने अधिसूचना काढून अन्यथा ठरविल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. हेतू वाईट नव्हता. आदिवासींच्या जीवनात दिल्लीने ढवळाढवळ करू नये, हा त्यामागील विचार. परिणाम असा झाला की, पंचांच्या मुलीला, पुजाऱ्याच्या मुलीला, कुणब्याच्या मुलीला जे मिळाले ते हो किंवा मुंडा मुलीला मिळाले नाही. २००५ साली त्या कायद्यात मोठी सुधारणा होऊन मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही जन्मतः हक्क आला, तेव्हाही हे पोटकलम जागचे हलले नाही.

येथे आपणही फार मान उंच करू नये. ती २००५ ची सुधारणा व्हावयास आपल्याला पन्नास वर्षे लागली. आंध्रने १९८६ मध्ये आणि महाराष्ट्र व कर्नाटक ह्या राज्यांनी १९९४ मध्ये आपापल्या परीने ती आधी केली, म्हणून हैदराबादची लेक बेळगावच्या लेकीच्या आधी वाटेकरी ठरली, आणि इंदूर-ग्वाल्हेरची दोघींच्या नंतर. गोमंतकात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलगा-मुलगी हा भेद वारशापुरता केव्हाच पुसला होता.

असो. आता सिंहभूमकडे वळू. तेथील हो जमातीत ‘गोनोंग’ची, म्हणजे वधूसाठी वराने द्यावयाच्या मूल्याची, चाल आहे. कर्नल डाल्टन ह्याने १८७२ च्या आपल्या ग्रंथात असे नमूद केले की, हे मूल्य इतके चढले आहे की गावोगाव प्रौढ अविवाहित स्त्रिया दिसतात. अशा स्त्रीला बापाच्या शेतातील काही जमीन हयातीपर्यंत कसता येई. लग्न केले की ती सुटे. कसता येई, हे तरी कितपत खरे? हो, मुंडा, उराँव, संथाळ ह्या सर्वांत स्त्रीने नांगराला हात लावणे निषिद्ध. लावला तर पाऊस जातो, अशी समजूत. लावणी तिची, निंदणी तिची, कापणी, मळणी, डोक्यावर भारा घेऊन बाजाराची वाट तुडवणे, हे सारे तिचे. फक्त नांगर पुरुषाचा. ह्या एका निषेधाचे मर्म आमच्या मते फार खोल आहे. विधवेच्या नावे शेत राहिले तरी ते पेरण्यासाठी तिला दीर किंवा पुतण्या ह्यांच्या दारी जावेच लागते, आणि तेच तर तिच्या मागून येणारे वारस. तिच्या मरणाची ज्यांना वाट पाहावयाची, त्यांच्याच हाती तिच्या शेताचा नांगर.

वाट पाहणे ज्यांना जमत नाही त्यांनी आणखी एक मार्ग काढला. एकट्या विधवेला ‘डाइन’, म्हणजे चेटकीण, ठरवावयाचे. गावात मूल दगावले, गुरे मेली, की बोट तिच्याकडे. ती गाव सोडून गेली किंवा मारली गेली, की जमीन मोकळी. ह्या आरोपांमागे अनेकदा जमिनीचा लोभ असतो, हे त्या भागातील अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा दाखविले आहे. बिहार सरकारला १९९९ साली ह्या प्रकाराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

अशा पार्श्वभूमीवर १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक अर्ज आला. ‘मानुषी’ मासिकाच्या संपादिका मधू किश्वर ह्यांच्यासोबत हो जमातीतील एक विधवा आणि तिची विवाहित मुलगी अर्जदार होत्या. भाऊबंदांच्या भीतीने त्या दोघींना गाव सोडावे लागले होते. सातवे व आठवे कलम घटनेच्या समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, सबब रद्द करावे, अशी त्यांची मागणी. पुढे १९८६ मध्ये एका ख्रिस्ती उराँव स्त्रीचाही अर्ज त्यात सामील झाला. न्यायालयाने बिहार सरकारला विचार करण्यास वेळ दिला. जुलै १९९२ मध्ये राज्याच्या आदिवासी सल्लागार मंडळाची बैठक झाली, आणि उत्तर आले की चाल बदलू नये. मुलींना हक्क दिल्यास जमीन बिगर-आदिवासींच्या हाती जाईल व समाजात असंतोष माजेल.

ह्या आक्षेपाचा विचार आम्ही गंभीरपणे करतो, कारण तो करणारे सारेच स्वार्थी नव्हते. ज्या समाजाने जमिनीपायी शंभर वर्षे मार खाल्ला तो नव्या दारापाशी साशंक होणारच. तरीही वकील म्हणून दोन गोष्टी नजरेस आणाव्याशा वाटतात. पहिली, त्याच कुळकायद्याच्या ४६ व्या कलमाप्रमाणे आदिवासी रयतेला जमीन विकावयाची झाल्यास त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीतील आदिवासीलाच, आणि तीही उपायुक्तांच्या पूर्वसंमतीने, विकता येते. मुलगी मालक झाली तर हे कलम तिलाही तितकेच बांधील. बांध पुरुषाच्या शेताला घातला आणि स्त्रीच्या शेताला नाही, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. दुसरी गोष्ट अधिक साधी. ह्या पठारावर शतकभर जी जमीन दिकूंच्या हाती गेली, गहाणाने, फसवणुकीने, दारूच्या बाकीपायी, तिच्या कागदांवर अंगठे कोणाचे होते? मालकी पुरुषांचीच असल्यामुळे ते अंगठेही पुरुषांचेच असणार. ज्यांच्या नावे कधी जमीनच नव्हती त्यांच्या हातून ती जाईल, ह्या भीतीला इतिहासाचा आधार नाही. मुलीने बिगर-आदिवासीशी लग्न केले तर तिच्या मुलांचे काय, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर कायद्याने नीट दिले पाहिजे. केवळ त्यापायी जमातीतच नांदणाऱ्या सगळ्या लेकींना उपाशी ठेवणे, हे उत्तर नव्हे.

निकाल चौदा वर्षांनी, १७ एप्रिल १९९६ रोजी, लागला. तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी, न्या. पंछी व न्या. कुलदीप सिंग ह्यांनी, कलमे रद्द करण्याचे नाकारले. एका समाजाचा वारसाकायदा उचलून दुसऱ्यावर लादणे हे न्यायालयाचे काम नव्हे, आणि तसे केल्यास गोंधळ माजेल, असा त्यांचा विचार. पण त्यांनी एक मधला मार्ग काढला: मृत पुरुषावर अवलंबून असलेल्या स्त्रिया जोवर त्या जमिनीवर उपजीविका करू इच्छितात तोवर पुरुष वारसांचा अनन्य हक्क स्थगित राहील. घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात उपजीविका येते, हा त्याचा आधार. तिसरे न्या. रामस्वामी ह्यांनी वेगळे मत दिले. मुलीला मुलाबरोबर समान वारसा मिळावा. मात्र तिला जमीन काढावयाची झाल्यास ती प्रथम भावांना घेऊ द्यावी, म्हणजे जमीन बाहेर जाणार नाही.

बहुमताच्या निकालावर त्या काळी बरीच टीका झाली. आमचे मत असे की, त्याने मुलीला मालकी दिली नाही, पण चालीची ती न छापलेली बाजू, पोसण्याची, प्रथमच कागदावर आणली. १९०८ साली जे राहून गेले ते अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, अर्धेमुर्धे का होईना, लिहिले गेले. अल्पमताचा निकाल आम्हाला अधिक पटतो. भावाला प्रथम देकार ही योजना मुंडांच्या किलीची मूळ काळजी जपते आणि मुलीलाही रिकाम्या हाती पाठवीत नाही. दोन्ही पेड तिच्यात आहेत. पण कायद्यात अल्पमत म्हणजे शेल्यावरची जर. शोभा देते, ऊब देत नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने पंचायतींचा विस्तार अनुसूचित क्षेत्रांत करणारा कायदा केला, आणि राज्याने त्या क्षेत्रांसाठी केलेले पंचायतविषयक कायदे तेथील चालीरीतींशी सुसंगत असावेत असे त्यात घातले. म्हणजे एप्रिलात चालीची गाठ जरा सैल झाली आणि डिसेंबरात तिचा मान वाढला. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्य होत्या. त्यांचा मेळ मात्र कोणी घातला नाही. २००० साली, बिरसांच्या जन्मदिनी, १५ नोव्हेंबरला झारखंड राज्य निराळे झाले, आणि प्रश्न त्या राज्याच्या पदरात पडला.

ह्याच सुमारास एक निकाल झाला तो आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावा. एका संथाळ कुटुंबाच्या जमिनीच्या वादात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, हे कुटुंब हिंदू आचारांत पुरते मिसळले आहे, सबब त्याला १९५६ चा कायदा लागू. आधार काय? माणसांची नावे हिंदू, मृतांना पिंड दिले जातात, नवरा वारल्यावर बायका कपाळाला सिंदूर लावीत नाहीत. निकालाने न्याय झाला असेल. पण कपाळ पुसणे हा स्त्रीच्या वारसाहक्काचा पुरावा ठरावा, हे वाचून आम्ही पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. आपल्या समाजातील सुधारकांनी ज्या चालीविरुद्ध शतकभर लिहिले, तीच तेथे जमिनीच्या दाराची किल्ली झाली. आणि ज्या संथाळ विधवेने आपल्या जमातीचा आचार सोडला नाही, तिच्यासाठी दार बंदच.

खरा पालट आला तो वेगळ्याच वाटेने, आणि ती वाट आम्हा वकिलांच्या रोजच्या रहदारीची आहे: शाबितीचा भार. न्यायालयात जो एखादी चाल सांगतो त्याने ती शाबीत केली पाहिजे. ती प्राचीन, निश्चित, अखंड चालत आलेली आहे हे दाखविले पाहिजे, हा नियम जुनाच. पण आदिवासी मुलीच्या दाव्यात शतकभर तो उलटा लावण्यात येत असे. मुलींना वाटा नसतो हे जणू सूर्य उगवण्याइतके स्वयंसिद्ध. मुलींना वाटा देण्याची चाल आहे असे म्हणावयाचे असेल तर मुलीनेच ती शाबीत करावी. जी चाल कोणी लिहिली नाही, ती शाबीत करण्यास साक्षीदार कोण? गावातील वडीलधारे पुरुष, म्हणजे प्रतिवादीच किंवा त्यांचे सोयरे.

२०२२ साली झारखंड उच्च न्यायालयाने एका उराँव कुटुंबाच्या दाव्यात हा भार जेथला तेथे ठेवला. मुलींना वगळण्याची अखंड चाल प्रतिवादींनी शाबीत केली नाही, सबब मुलीला वाटा, असे ठरले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील एका आदिवासी स्त्रीचा १९५६ च्या कायद्याखालचा दावा त्या जुन्या पोटकलमामुळे फेटाळला, परंतु केंद्र सरकारने ते पोटकलम बदलण्याचा विचार करावा, असेही बजावले.

आणि १७ जुलै २०२५ रोजी आजच्या छत्तीसगडातील एका गोंड कुटुंबाचा निकाल आला. आईच्या वडिलांच्या जमिनीत आईचा, म्हणून आमचा वाटा, असा दावा १९९२ साली तिच्या मुलांनी लावला होता. आई बापाची एकुलती मुलगी. बाकी पाच भाऊ. तिन्ही न्यायालयांत ते हरले. मुलींना वारसा देणारी चाल तुम्ही शाबीत केली नाही, एवढेच कारण. सर्वोच्च न्यायालयाने विचारले, वगळणारी चाल तरी कोणी शाबीत केली? दोन्ही बाजूंची चाल शाबीत नसेल, तर न्यायबुद्धी, समता आणि सद्विवेक ह्यांनी निर्णय करावयाचा, असे १८७५ च्या मध्यप्रांत कायद्यात होते. नागपूरकडील जुने वकील हा कायदा ओळखतील. तो पुढे रद्द झाला असला तरी आधी उत्पन्न झालेले हक्क टिकले होते. त्या तत्त्वाने आणि घटनेच्या १४ व्या अनुच्छेदाने मुलीच्या शाखेला भावांच्या बरोबरीचा वाटा मिळाला. दावा लावल्यापासून तेहेतीसाव्या वर्षी.

ह्यावरून सर्व आदिवासी मुलींना वारसा मिळाला असे कोणी समजू नये. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्याच न्यायालयाने हिमाचल उच्च न्यायालयाचा २०१५ चा एक व्यापक आदेश काढून टाकला. राज्याच्या आदिवासी भागातील मुलींना १९५६ च्या कायद्याप्रमाणेच वारसा मिळेल, असे त्यात म्हटले होते. पोटकलम असताना न्यायालयाला तसे म्हणता येत नाही, असा निर्णय झाला. म्हणजे आजची स्थिती अशी की, जेथे वगळण्याची चाल कोणी शाबीत करू शकत नाही तेथे मुलगी जिंकू शकते. जेथे चाल कायद्याच्या पुस्तकातच छापली आहे, तेथे तिला १९९६ च्या उपजीविकेच्या आडोशाखेरीज दुसरा आसरा नाही. छोटा नागपूरच्या खुंटकट्टी जमिनीवरील मुंडा मुलगी दुसऱ्या जागी उभी आहे.

शिवाय जिंकणे म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे बहिणीला कायद्याने वाटा आहे, तरी हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आमच्या कचेरीत दर महिन्याला येतात. का सोडता, असे विचारले की उत्तर ठरलेले: “वकीलसाहेब, माहेर तुटायला नको.” तिकडे हो मुलीचे उत्तर ह्याहून निराळे नसावे. संकटात नवऱ्याचे घर सोडावे लागले तर भावाचे दार उघडे राहिले पाहिजे, ह्यासाठी ती आधीच त्या घरातील आपली जागा सोडून देते.

मागे एका देवस्थानच्या सभेत एका बाईंनी अगदी शांतपणे विचारले होते, वडिलांची शेतजमीन आम्हा बहिणींना मिळाली, मग वडिलांची महाजनकी भावालाच का? सभेत काही क्षण कोणी बोलले नाही. मग अध्यक्षांनी नियमावलीकडे बोट दाखविले. पोर्तुगीज अमदानीतील त्या नियमावलीत महाजनांच्या याद्या पुरुषवंशाने धरण्यात आल्या, आणि बहुतेक ठिकाणी त्या तशाच चालू आहेत. आम्ही त्या सभेत कायद्याचे उत्तर देण्यासाठीच बसलो होतो, आणि कायद्याचे उत्तर आम्ही दिले. ते बरोबर होते. बाई ‘बरं’ म्हणाल्या आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

मुंडांच्या वडीलधाऱ्यांनीही आपल्या लेकींना बरोबरच उत्तर दिलेले असेल. सातव्या आणि आठव्या कलमांतील ते शब्द अजून तेथेच आहेत.